तात्यांचा पांढरा फराटा

"आत्या, साठ झाले!" मी तिच्या खांद्यावरून मीटरकडे डोकावत ओरडले, आणि त्याच क्षणाला हँडल थरथरायला लागलं.

आधी नुसत्या गुदगुल्या झाल्यासारखं. मग आत्यानं वेग कमी केला, तसं ते जास्तच चेकाळलं. हट्टी पोरानं 'नाही, नाही, नाही' करत मान हलवावी तसं डावी-उजवी, डावी-उजवी. मागच्या पेट्यांचा खडखडाट, आणि आत्या हँडल असं आवळून बसलेली की हातमोज्यांच्या शिवणी ताणलेल्या दिसत होत्या. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. आणि थांबलं! जणू काही झालंच नव्हतं.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर एका मैलाच्या दगडाशी तिनं गाडी उभी केली. हातमोजे काढले आणि दोन्ही हात काखेत घालून दगडावर जाऊन बसली. एप्रिलचं ऊन डोक्यावर आणि ही थंडी वाजल्यासारखी!

"पाणी देऊ?"

"नको."

"अगं, करून घेऊ की दुरुस्त. हंपीला जायला अजून तीन आठवडे आहेत."

"केते, हंपी राहू दे," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "मी गाडी विकतेय. पाटणचे एक सर आहेत, खेळ शिकवतात. रविवारी सकाळी दहाला येणारेत न्यायला."

त्या दिवशी शुक्रवार होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माझी नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. तेव्हा मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. (आता अकरावीत बाई म्हणतात, "केतकी, तो हात जरा खाली ठेव, दुसऱ्यांनाही बोलू दे." असो.) नववी पास झाले की आत्याच्या मागे बसून हंपीला जायचं, हे सहावीपासून ठरलेलं. तीन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली होती, आणि आत्यानं ते मैलाच्या दगडावर बसून एका दमात पुसून टाकलं.

माझी हेमाआत्या, म्हणजे सिस्टर हेमलता थोरवडे, दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. पंधरा दिवसांच्या बाळाची केसाएवढी शीर तिला एका टोचण्यात सापडते. दुसऱ्या वॉर्डातले लोकसुद्धा "हेमा सिस्टरांना बोलवा" म्हणतात. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. आणि सुट्टी मिळाली की साडेतीनशे सीसीची हिरवी मोटारसायकल काढून कुठल्या कुठे जाते. गाडीचं नाव मुऱ्हा. म्हशीसारखी जड, म्हशीसारखी शांत, आणि म्हशीसारखीच मनात आलं की हलत नाही, म्हणून.

मुऱ्हाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पेट्या तात्यांनी बनवल्या होत्या. तात्या म्हणजे आत्याचे वडील, माझे आजोबा. त्यांचं सायकलचं दुकान होतं. वेडंवाकडं फिरणारं चाक आरे आवळून सरळ करायचं, याला सायकलवाले 'आऊट काढणं' म्हणतात. आऊट काढण्यात तात्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. नंतर त्यांना कंपवात झाला. आधी एक बोट, मग हात, मग दोन्ही हात. तरी मुऱ्हाचं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. खुर्चीवर बसून सांगायचे आणि आत्या पाना फिरवायची. आदल्या श्रावणात ते गेले.

तेव्हापासून गाडी संभादादाच्या गॅरेजला जायला लागली. हँडलची तक्रार घेऊन आत्या दोनदा त्याच्याकडे गेली होती. दुसऱ्या वेळी मी बरोबर होते. त्यानं पेट्या उतरवल्या, स्टँडापर्यंत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी लोणी हाय, सिस्टर. कायबी न्हाई तिला. जड पडती तुमाला आता. वय झालं की हात कापत्यातच."

मी आत्याकडे बघितलं. आता ही याची सालटी काढणार! एरवी वॉर्डात उशिरा येणाऱ्या डॉक्टरलाही न सोडणारी बाई. पण तिनं नुसती मान डोलावली. चावी घेतली आणि निघाली.

विकायचं ऐकून घरात कुणी विशेष हळहळलं नाही. बाबा म्हणाले, "पन्नाशीला टेकली ती, बरंच झालं." आई म्हणाली, "स्कूटी घ्या म्हणावं." आत्या ओट्याशी उभी राहून अर्धा कप चहा घेत होती. हल्ली ती अर्धाच कप घ्यायची. मला वाटलं, वजन कमी करतेय.

त्याच संध्याकाळी जिन्यात मला तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "नाही मॅडम, मी विचार करूनच सांगतेय. मला स्टोअरला द्या. सलाइन लावायचं काम आता नको."

दमली असेल, असं वाटलं मला. पंधरा वर्षांच्या पोरीला काय, सगळी मोठी माणसं दमलेलीच वाटतात.

पण गाडी अशी जाऊ द्यायची? छे! आमच्या मानेबाईंनी विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते लिहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. मी कोरी वही काढली, पहिल्या पानावर 'रुग्ण: मुऱ्हा' असं लिहिलं आणि आत्याच्या खोलीत गेले.

"त्रास कधीपासून आहे?"

"काय गं हे?"

"तू बाळांच्या आयांना विचारतेस ना? ताप कधीपासून, किती, कशानं वाढतो. बोल."

ती एवढंसं हसली. "तात्या गेल्यापासून."

"किती वेगाला?"

"साठच्या आसपास. वेग सोडताना जास्त."

"एकटी असलीस तर?"

"एकटी असले, पेट्या रिकाम्या असल्या, तर कमी. पण असतं." मग वही माझ्या हातातून घेऊन मिटत म्हणाली, "केते, नको बाळा. ठरलंय माझं."

"बरं. मग ते सर उद्या-परवा विट्याच्या रस्त्यावर साठनं जाऊन पडले, तर? त्यांना सलाइन तूच लावणार का?"

मी नुसतं टोचायला बोलले होते. पण तिचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. वही परत माझ्या हातात देत म्हणाली, "आजारी जनावर लपवून विकू नये, हे खरं. उद्या सकाळी बघू."

शनिवारी आम्ही दोघी कामाला लागलो. वजनाला म्हणून मी दोन्ही पेट्यांत आईच्या डब्यातली ज्वारी भरली.

"माझी ज्वारी कुठं निघाली?" आई दारातून ओरडली.

"हवापालटाला!"

पहिली फेरी: टायरांतली हवा मोजून बरोबर केली. वहीत लिहिलं, 'फरक नाही.' दुसरी फेरी: पेट्या काढल्या. थरथर निम्म्यावर आली! मी मागच्या सीटवर जवळजवळ नाचलेच. "बघ! संभादादानं पेट्या काढून गावातल्या गावात चाळीसनं फिरवली. त्याला सापडणार कशी?"

"पेट्या आठ वर्षं आहेत," आत्या म्हणाली. "आठ वर्षं हे होत नव्हतं."

हे मात्र खरं होतं. मी 'पेट्यांनी वाढतं, पण पेट्यांमुळे नाही' असं लिहिलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तिसरं: हँडलच्या मानेतल्या बेअरिंगा. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं. मी चाक धरून पुढेमागे हलवलं. खडखड नाही. हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं अडकत नाही. लोण्यासारखं.

"बघितलंस?" आत्या पायरीवर बसली. "गाडीत काही नाही." आणि पुन्हा हात काखेत.

माझी वही संपल्यासारखी झाली. रुग्ण धडधाकट आणि आजार मात्र आहे! तपासायचं राहिलं होतं फक्त मागचं चाक. संध्याकाळी मी सायकल काढून संभादादाच्या गॅरेजवर गेले. पूर्वीची मी असते तर फाटकातूनच परत आले असते.

"दादा, मुऱ्हाचं मागचं चाक शेवटचं कधी खोललं होतं?"

"दसऱ्याला न्हवं का? नवा टायर टाकला की मी."

दसऱ्याला! श्रावणात नाही. म्हणजे थरथर तात्या गेल्यावर नाही, चाक खोलल्यावर सुरू झाली असणार. मी वहीत दोनदा रेघ मारली.

"आणि चाक परत बसवलं कसं?"

"कसं म्हंजे? मागं दोन्ही अंगाला रेघा असत्यात. डाव्या अंगाला जितकी रेघ, तितकीच उजव्या अंगाला. बरोब्बर जुळवून आवळलं. तुज्या आज्यानं डावीकडं एक रेघ मागं ठिवलेली. म्हातारपणी चुकलं आसंल. म्या सरळ करून दिलं." त्यानं हात पुसले. "का गं?"

तात्या आणि चुकले? आऊट काढणारे तात्या? मी 'का गं'ला उत्तर न देता सायकल हाणली.

रविवारी सहा वाजता आत्याला उठवलं, तेव्हा तात्यांची हत्यारांची पेटी मी अंगणात आणून ठेवलेली होती. त्यात एक गवंड्याची दोरी होती, पांढरी, ताणली की तारेसारखी होणारी. लहानपणी मी ती दोरीउड्यांना मागायचे, तर तात्या म्हणायचे, "ती माझी मापं काढायची दोरी. डोळा फसतो, ही नाही फसत."

"चहा तरी घेऊ दे," आत्या म्हणाली.

"दहाला माणूस येतोय. चहा नंतर. ही धर."

मागच्या चाकाच्या मागून दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणायची. दोन्ही चाकं एका रेषेत असतील, तर पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोरीपासून सारखीच फट राहते. तात्यांना हे करताना मी शंभरदा बघितलं होतं. आत्यानं पुढं दोरी ताणली, मी पोटावर पालथी पडून डोळा लावला.

उजवीकडे दोन बोटं फट. डावीकडे दोरी टायरला घासत होती.

"आत्या! मागचं चाक भलतीकडंच बघतंय! पुढचं निघालं विट्याला, आणि मागचं मसूरला!"

ती दोरी टाकून माझ्याजवळ येऊन बसली. मागचं चाक ज्या दोन लोखंडी दांड्यांत धरलेलं असतं, त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. त्याच्या डाव्या दांडीवर वंगण आणि धुळीचा थर होता. मी फडकं रॉकेलात बुडवून पुसायला घेतलं, रेघा दिसाव्यात म्हणून. पुसता पुसता एक पांढरा डाग निघाला, रंग सांडल्यासारखा, वेडावाकडा, शेपूट आल्यासारखा ओघळलेला. रेघा झाकतोय म्हणून मी ब्लेड घेतलं आणि खरवडायला लागले.

"थांब!"

आत्यानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की ब्लेड खाली पडलं.

"तो डाग नाही," ती म्हणाली. "ते तात्या आहेत."

मी फडकं खाली ठेवलं.

"आठवतंय का तुला, कुंभार्ली घाटात मी आणि मुऱ्हा पडलो होतो? तू लहान होतीस. तेव्हा हा चिमटा वाकला. तात्यांनी दुकानात नेऊन सरळ केला, पण केसभर बाक राहिलाच. म्हणाले, आता रेघांवर जायचं नाही. दोरी लावायची. दोरी लावून त्यांनी डावी बाजू एक रेघ मागं घेतली आणि म्हणाले, इथं पांढरा ठिपका देतो, कुणीही चाक काढलं तरी कळेल. ब्रश घेतला. पण तेव्हा हात चांगलाच हलायला लागला होता त्यांचा. ठिपका द्यायला गेले आणि झाला हा फराटा. मी म्हटलं, तात्या, मी देते. तर म्हणाले, राहू दे. ज्याला बघायचंय त्याला दिसेल."

तिनं त्या फराट्यावरून अंगठा फिरवला. "आणि मीच बघितला नाही. मी बघतच नव्हते गाडीकडं."

"मग कुणीकडं बघत होतीस?"

तिनं हात पुढं केला. "तेवीसचा पाना दे," म्हणाली.

आम्ही चाकाचा नट ढिला केला. डावी बाजू एक रेघ मागे, फराट्याच्या डोक्याशी. पुन्हा दोरी. डावीकडे एक बोट फट, उजवीकडे एक बोट फट. मी वहीत लिहिणार होते, पण हात वंगणानं इतके माखलेले की पानावर नुसतेच ठसे उमटले.

ज्वारी परत पेट्यांत गेली. आईनं नुसतं कपाळाला हात लावला. पावणेनऊला आम्ही ओगलेवाडी मागे टाकून त्याच सरळसोट रस्त्यावर होतो. चाळीस. पन्नास. मी आत्याच्या पाठीला हात लावला, तर ती लाकडासारखी ताठ.

"साठ," मी या वेळी हळूच म्हणाले.

काही नाही.

पासष्ट. काही नाही. तिनं वेग सोडला. हीच ती जागा, इथंच ते चेकाळायचं. साठ, पंचावन्न, पन्नास. मुऱ्हा तळ्यात उतरणाऱ्या म्हशीसारखी सावकाश, शहाण्यासारखी चालली होती. ऊस, विजेचे खांब, सायकलवर दुधाच्या किटल्या घेतलेला माणूस, सगळं शांतपणे मागे जात होतं. आत्यानं पुन्हा वेग घेतला, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा सोडला, तेव्हा तिच्या पाठीचं लाकूड विरघळलं. मग तिनं डावा हात हँडलवरून काढला आणि मागे आणून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

नुसता ठेवला. बराच वेळ. आणि मला जाणवलं, आतल्या आत ती रडतेय.

मैलाच्या दगडाशी थांबून तिनं हेल्मेट काढलं. मी आनंदानं किंचाळायच्या बेतात होते, पण तिचा चेहरा बघून किंचाळणं गिळलं.

"केते, तात्यांचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "डावा हात. आधी त्यांनाही वाटलं, सायकलच्या हँडलमध्येच काही आहे."

मला अजूनही कळलं नव्हतं. मग एकदम कळलं. सगळं एकाच वेळी: काखेतले हात, अर्धा कप चहा, जिन्यातला फोन. तात्यांनाही शेवटी आम्ही अर्धाच कप द्यायचो. भरलेला सांडायचा.

"तुला वाटलं... तुला?"

"रोज सकाळी दार लावून हात पुढं करायचे आणि बोटांवर कागद ठेवून बघायचे. कागद हलायचा." ती हसली आणि नाक पुसलं. "घाबरलेल्या माणसाच्या हातावर कुठलाही कागद हलतो, हे मी शिकाऊ पोरींना दहादा सांगितलंय. पण एवढुशा बाळाचा हात हातात घेतला आणि सुई धरली, की मला ते हँडल आठवायचं. दोन आठवड्यांपूर्वी मी एका बाळाला तीनदा टोचलं गं. तीनदा."

"डॉक्टरांना का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर कळलं असतं ना."

मी तिचा डावा हात घेतला. वंगणानं काळा झालेला, नखाशी पांढऱ्या रंगाचा कण अडकलेला. उलटा केला, सुलटा केला, चाक तपासावं तसा. "यात काही नाही," मी म्हटलं. "हात लोणी हाय, सिस्टर."

ती इतकी हसली, की रस्त्यानं जाणारा दूधवाला पाय टेकून थांबला.

"तरी उद्या डॉक्टरांना दाखवायचं," मी म्हटलं. "एका वेळी एक गोष्ट. गाडी झाली. आता तू."

"दाखवते." मग उठत म्हणाली, "आणि मॅडमना फोन करते. स्टोअरला नको म्हणून."

घरी आलो, तर पाटणचे सर दहाच्या आधीच येऊन ओसरीवर बसले होते. भला माणूस. आल्या आल्या मुऱ्हाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वा! काय ठेवलीय हो गाडी! तेवढा मागं रंग सांडलाय, तो काढून घेईन मी."

"सर, माफ करा," आत्या म्हणाली. "तुम्हाला इतक्या लांबून हेलपाटा पडला. पण गाडी विकायची नाही."

"का? काही बिघडलंय का?"

"नाही. काही बिघडलेलं नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. सर बिचारे उठायला लागले, तर आत्यानं त्यांना बसवलं. "असं कसं? चहा घेतल्याशिवाय नाही जायचं."

आई उठायला लागली, पण आत्या म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा. मी आणते."

स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आमच्याकडे दोन उंबरे आहेत आणि मधे एक पायरी. मी दारात उभी राहून बघत होते. आत्या आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाच कप, पाचही अगदी काठोकाठ भरलेले. पहिला उंबरा. पायरी. दुसरा उंबरा. तिनं सरांसमोर ट्रे धरला, मग बाबांसमोर, मग आईसमोर, मग माझ्यासमोर. शेवटचा कप स्वतः घेतला आणि रिकामा ट्रे बाजूला ठेवला.

मी वाकून बघितलं. ट्रे कोरडा होता.